कोणत्या योजनेतून केलं?

शेजारच्या गावांतून फोन येतो तेव्हा पहिला प्रश्न हाच. विहिरीवर सौर पंप बसला, ग्रामपंचायतीच्या गच्चीवर पॅनेल चढले, वस्तीत सौर दिवे लागले, म्हणजे कुठली तरी एक योजना असणार. तिचं नाव कळलं की अर्ज ठोकून मोकळं व्हायचं. माझ्याकडं असं एक नाव नाही. आमच्या कामात चार खिशांतले पैसे आहेत आणि प्रत्येक खिशाचं तोंड वेगळ्या बाजूला. कुठला पैसा कशाला चालतो नि कशाला चालत नाही, हे जुळवण्यातच खरा वेळ गेला. पॅनेल बसवायला त्या मानानं काहीच लागलं नाही.

मी ग्रामपंचायतीत संगणक परिचालक आहे. जन्म-मृत्यूचे दाखले, नमुना आठचा उतारा आणि ई-ग्रामस्वराज पोर्टलवरच्या सगळ्या नोंदी माझ्या टेबलावरून होतात. सही सरपंचबाईंची आणि ग्रामसेवकांची, पण कुठल्या शीर्षात, म्हणजे खर्चाच्या खात्यात, किती शिल्लक आहे हे आधी मला दिसतं. (आमचं मानधन कधी येतं हे विचारू नका, त्याचा वेगळा लेख होईल.) गाव मांजरेच्या खोऱ्यातलं, तीनेक हजार वस्तीचं. सोयाबीन, तूर, पाणी असलं तर ऊस.

हे सगळं सुरू झालं वीजबिलांमुळं. पूर्वी पथदिव्यांच्या बिलाची ग्रामपंचायतीला फारशी पंचाईत नव्हती, ते वरच्या वर भागायचं. २०२१ मध्ये ग्रामविकास विभागानं सांगितलं की पाणीपुरवठ्याची आणि पथदिव्यांची बिलं पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून भरा. विकासाला म्हणून आलेला पैसा बिलात जाणार, म्हणून गावोगावचे सरपंच तेव्हा चिडले होते. आमच्याकडं थकबाकी साचत गेली, वीज कंपनीनं पथदिव्यांची जोडणी तोडली आणि गाव काही महिने अंधारात राहिलं. अंधाराचं कुणाला फार वाटलं नाही, खरं सांगायचं तर. पण पाण्याच्या पंपाला नोटीस आली तेव्हा सरपंचबाई म्हणाल्या, "सगळी बिलं काढ बरं बाहेर. बघू तरी, आपण नेमकं काय भरायलाव."

बिलं तारखेप्रमाणं लावली तर मीटर चार निघाले. विहिरीवरचा साडेसात एचपीचा पंप, पथदिवे, ग्रामपंचायत कार्यालय आणि चौथा कुणालाच आठवेना. ग्राहक क्रमांक घेऊन वायरमनला गाठलं. तो म्हणाला, "ते मसोबाच्या मळ्याकडचं बोअर हाय की. सोळाच्या दुष्काळात आटलं नव्हं का?" म्हणजे लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं त्या वर्षी आटलेल्या बोअरचं बिल गावाच्या नावावर चालूच होतं. युनिट शून्य, स्थिर आकार मात्र दर महिन्याला, वर थकबाकीवरचं व्याज. जोडणी कायमची बंद करण्याचा अर्ज एका पानाचा होता. त्याला ना तांत्रिक मान्यता लागली ना प्रशासकीय. ऊर्जेसाठी गावाला मिळालेला पहिला निधी मी यालाच म्हणतो.

मग पंपाचं गणित मांडलं. साडेसात एचपी म्हणजे साधारण साडेपाच किलोवॅट. दिवसाला सहा तास चालला तर ३३ युनिट, महिन्याला हजाराच्या आसपास. आपल्याकडच्या उन्हात एक किलोवॅटचे पॅनेल वर्षभराच्या सरासरीनं दिवसाला ४ युनिटच्या आसपास देतात. म्हणजे साडेसात किलोवॅटचे पॅनेल लावले तर ३० युनिट, पंपाची गरज जवळपास भागते. ग्रामपंचायतीच्या एकूण वीजखर्चात निम्म्याहून जास्त वाटा या एका पंपाचा होता. तेव्हा पंप आधी, दिवे नंतर, हे कागदावर तरी स्पष्ट झालं. बहुतेक गावं उलटं करतात. दिवा खांबावर लागतो, रात्री दिसतो, त्याच्याखाली फोटो निघतो. विहिरीवरचा पंप बघायला कोण जातं? म्हणून दिव्यांचे खांब उभे राहतात आणि बिल होतं तिथंच राहतं.

आता पैसे. गावाच्या हातात थेट येणारा मोठा पैसा म्हणजे वित्त आयोगाचा. पंधराव्या आयोगाच्या राज्यात आलेल्या निधीतला ८० टक्के ग्रामपंचायतींना, १० टक्के पंचायत समित्यांना आणि १० टक्के जिल्हा परिषदांना, अशी वाटणी होती. आपल्या वाट्याला आलेल्यात ६० टक्के बंधित आणि ४० टक्के अबंधित. बंधितातला निम्मा स्वच्छतेला, निम्मा पिण्याच्या पाण्याला आणि पाणी साठवण-पुनर्वापराला. अबंधितातून गावाच्या गरजेचं काहीही करता यायचं, पगार आणि आस्थापनेचा खर्च सोडून. लोकांना वाटतं सौर म्हणजे अबंधितातलं काम, आणि अबंधितावर तर आधीच सगळ्यांचा डोळा. आमच्या ग्रामसेवक भाऊसाहेबांनी ते फिरवलं. काम सौरऊर्जेचं म्हणून धरायचं नाही, पिण्याच्या पाण्याचं म्हणून धरायचं. पंप पिण्याच्या पाण्याचा आहे, तो विजेवर चालो की उन्हावर. बंधित निधीच्या पाण्याच्या वाट्यात तो चपखल बसला. तिकडं भांडायला कुणीच नव्हतं.

पण नुसतं बसून भागत नाही, काम आराखड्यात असावं लागतं. "आमचं गाव, आमचा विकास" म्हणून जो वार्षिक आराखडा होतो, त्यात काम नसेल तर पोर्टलवर त्याची नोंदच होत नाही, आणि नोंद नाही तर एक रुपया निघत नाही. २ ऑक्टोबर २०२३ ची ग्रामसभा म्हणून महत्त्वाची होती, पुढच्या वर्षाचा आराखडा तिथनं सुरू व्हायचा होता. पावसानं त्या साली ऑगस्ट कोरडा घालवला होता, विहिरीनं तळ दाखवायला सुरुवात केली होती.

ग्रामसभेत गट्टूचा, म्हणजे पेव्हर ब्लॉकचा, विषय आला नाही असं आमच्याकडं होत नाही. गल्लीला गट्टू टाकायचे, हे दर वर्षी. गट्टू टाकणारा गावातलाच असतो, त्याचे चार जण सभेला आधीपासून बसलेले असतात. त्यातला एक म्हणाला, "सौर-बिर बघू की नंतर. आधी आमच्या गल्लीचं गट्टूचं घ्या." मागं बायकांत बसलेल्या एका आजीनं तिथनंच आवाज दिला, "गट्टूवर हुबं ऱ्हाऊन पाण्याची वाट बगू का मग?" सभा हसली. आदल्या दिवशीच्या महिला सभेत पाण्याचं काम पहिलं, असा ठराव झालाच होता. तो मी वाचून दाखवला. सूचक, अनुमोदक, टाळ्या, संपलं.

जिल्हा नियोजन समितीचा अनुभव वेगळा. राज्यघटनेच्या कलम २४३ झेडडी प्रमाणं या समित्या आल्या, महाराष्ट्रात त्यांचा कायदा १९९८ चा. पालकमंत्री अध्यक्ष, जिल्हाधिकारी सदस्य-सचिव. जिल्ह्याच्या वार्षिक योजनेत अपारंपरिक ऊर्जेसाठी शीर्ष असतं, आणि सौर कामाचं तांत्रिक बघायला महाऊर्जा, म्हणजे १९८५ पासूनची राज्याची संस्था. आम्ही कार्यालयाच्या छतासाठी तिथं प्रस्ताव दिला. ठराव, जागेचा नमुना आठ, वीजबिल, छताचा फोटो, इमारत पक्की असल्याचा अभियंत्याचा दाखला, दुसऱ्या कुठल्या योजनेतून हेच काम घेतलेलं नसल्याचं प्रमाणपत्र. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. एकाच कामावर दोन ठिकाणचा पैसा दाखवला की लेखापरीक्षणात आक्षेप ठरलेला. म्हणून आम्ही पहिल्यापासून कामं तोडून घेतली होती: विहिरीवरचा पंप एक काम, कार्यालयाचं छत दुसरं, वस्तीतले दिवे तिसरं. तिन्हीचे अंदाजपत्रक वेगळे, फोटो वेगळे, फायली वेगळ्या.

मग आचारसंहिता. १६ मार्च २०२४ ला लोकसभेची लागली. नेमका तोच पंधरवडा, जेव्हा जिल्ह्याचा उरलेला निधी खर्ची पडत असतो. ज्यांचा कार्यारंभ आदेश निघून काम जागेवर सुरू झालं होतं त्यांचं चालू राहिलं, बाकीच्यांची फाईल जिथं होती तिथं. पावसाळ्यात पुन्हा हालचाल झाली तोवर १५ ऑक्टोबरला विधानसभेची लागली. या काळात मी कार्यालयात एकच प्रश्न विचारायला शिकलो: "साहेब, बीम्सवर आला का?" निधी वितरणाची जी संगणकप्रणाली आहे तिला बीम्स म्हणतात. मंजुरीचं पत्र हातात असणं आणि निधी बीम्सवर दिसणं यात कित्येक महिन्यांचं अंतर असू शकतं. ठेकेदार हुशार असतात, ते पत्राकडं बघतसुद्धा नाहीत.

वस्तीतल्या दिव्यांना पैसा आला तो समाजकल्याणकडून, अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या वस्त्यांचा विकास करण्याची जी योजना आहे तिच्यातून. गावात तिला अजून दलित वस्ती सुधारच म्हणतात. तिथं वस्तीचा आराखडा आधीच झालेला होता आणि दिवे त्यात होते, त्यामुळं हे काम तुलनेनं मुकाट्यानं झालं.

पंपाचं तांत्रिक ठरवताना मात्र बराच काथ्याकूट झाला. सौरवाले दोन आले होते. एकानं सांगितलं, ग्रिडला जोडा, नेट मीटर लावा, जास्तीची वीज कंपनीकडं जमा होईल, बिल शून्य. ऐकायला गोड. आमच्याकडं नळाला पाणी सोडणारे मामा आहेत, शिपाईही तेच, वसुलीलाही तेच. त्यांनी विचारलं, "लाइट गेल्यावर?"

"लाइट गेली की सिस्टीम बंद पडते, मामा."

"ऊन असलं तरी?"

"ऊन असलं तरी."

मामांनी माझ्याकडं बघितलं. त्या माणसाचं खोटं नव्हतं. ग्रिडला जोडलेला साधा इन्व्हर्टर लाइन गेली की स्वतःहून थांबतो, नाही तर खांबावर काम करणाऱ्या वायरमनला उलट्या विजेचा झटका बसेल. शहरात लाइट तासभर जाते, तिथं हे चालतं. आमच्या विहिरीच्या लाइनला दिवसा वीज किती वेळ राहील याचा नेम नाही. बिल शून्य होऊन टाकी कोरडी राहिली तर काय करायचं?

दुसरा मार्ग ग्रिडशिवायच्या सौर पंपाचा. त्याला बॅटरी लागत नाही, कंट्रोलर पॅनेलची वीज थेट पंपाला देतो. ऊन असलं की पाणी. पण आभाळ आलं की पंप मरगळतो आणि टाकी भरल्यावर उरलेली वीज वाया. शेवटी विहिरीवर हा पंप घेतला आणि जुनी जोडणी ठेवून बदली स्विच बसवला: ऊन असेल तेव्हा वरची बाजू, पावसाळी झडीत खालची. स्थिर आकार भरावा लागतो, तो भरतो. कार्यालयाच्या छताला नेट मीटर, कारण तिथं लाइट गेल्यावर कुणी तहानलेलं राहत नाही.

नेट मीटरलाही एक मेख आहे, ती कुणी आधी सांगत नाही. वीज नियामक आयोगाच्या २०१९ च्या नियमांप्रमाणं छतावरची क्षमता तुमच्या मंजूर भारापेक्षा जास्त चालत नाही. आमच्या कार्यालयाचा मंजूर भार एका किलोवॅटचा. किती वर्षांपूर्वीचा, देव जाणे, तेव्हा दोन बल्ब आणि एक पंखा असेल. आता दोन संगणक, प्रिंटर, पाण्याचं यंत्र, तलाठ्यांची खोली. भार ३ किलोवॅटपर्यंत वाढवून घेतला, तोही अनामत भरून. जास्त वाढवून मोठी यंत्रणा बसवावी, असं एक सदस्य म्हणत होते, पण उरलेली युनिट आर्थिक वर्षाच्या शेवटी कंपनी कमी दरानं चुकती करते. ३१ मार्चला स्वस्तात विकण्यासाठी मे महिन्यात महागाची पॅनेल कशाला घ्यायची?

विहिरीजवळची जागा हा आणखी एक घोळ. साडेसात किलोवॅटला साधारण साडेसातशे चौरस फूट लागतात, कुंपण धरून एक गुंठा धरा. विहीर ग्रामपंचायतीची, भोवतालचं रान एका घराचं. आबा द्यायला तयार होते, गुंठाभर रानाचं काय, म्हणाले. पण सातबाऱ्यावर त्यांच्या दोन बहिणींची नावं, एक पुण्याला, एक निलंग्याकडं. बक्षीसपत्रावर सगळ्यांच्या सह्या लागतात. पंचमीला दोघी माहेरी आल्या तेव्हा दुय्यम निबंधकाकडं नेऊन ते उरकलं. त्यांना साड्या सरपंचबाईंनी स्वतःच्या पैशातून घेतल्या. त्याला शीर्ष नव्हतं.

एवढं करून पंपाच्या अंदाजपत्रकात तूट राहिलीच. बंधितातल्या पाण्याच्या वाट्यात वर्षाला जेवढं येतं त्यात पाइपची गळती, पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर, मोटारीचं वाइंडिंग हेही भागवावं लागतं. सीएसआरचं बघितलं. कंपनी कायद्याच्या कलम १३५ मध्ये बसणाऱ्या कंपनीनं मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे असतात. एका कंपनीचे लोक येऊन बघून गेले, त्यांचा पहिला प्रश्न हमरस्त्यावरून विहीर दिसते का, हा होता. नाही दिसत. पुन्हा आले नाहीत.

मग भाऊसाहेबांनी जिल्हा ग्रामविकास निधीचं काढलं. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १३३ खाली हा निधी असतो. प्रत्येक ग्रामपंचायतीनं दरवर्षी आपल्या उत्पन्नाच्या ०.२५ टक्के त्यात भरायचे आणि गरज लागली की त्यातनं कर्ज घ्यायचं. म्हणजे ग्रामपंचायतींची आपसातली पतपेढीच. कित्येक सरपंचांना हा निधी आहे हेच ठाऊक नसतं. आमची मागची वर्गणी थकलेली निघाली, ती भरून प्रस्ताव करेपर्यंत वर्ष गेलं असतं. पण ज्यांच्या घरपट्टीची वसुली नियमित आहे अशा गावांनी हे दार वाजवून बघावं.

राहिला स्वनिधी. तोही मोकळा नसतो. १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी, ५ टक्के दिव्यांगांसाठी आधी बाजूला काढायचे, मग उरेल ते. आणि उरणार कुठनं, जर घरपट्टी-पाणीपट्टी येतच नसेल? दिवाळीनंतर सोयाबीनचा पैसा घरात येतो, वसुली तेव्हाच. २०२४ ला हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि आडतीत त्याच्या बऱ्याच खाली लिलाव चालले होते. लोकांच्या हातात पैसा नव्हता, ही खोटी सबब नव्हती. सरपंचबाईंनी मामांना आणि मला घेऊन गल्ल्या पालथ्या घातल्या. आधी स्वतःच्या भावकीची घरं. सदस्यांची थकबाकी मी मोठ्या अक्षरात छापून कार्यालयाच्या दारावर लावली, हे त्यांच्याच सांगण्यावरून. दोन सदस्यांनी संध्याकाळपर्यंत भरली, एकानं कागद फाडला. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा छापला. एका घरी म्हातारबा म्हणाले, "नळाला पाणी दे, मग पट्टी माग." बाई म्हणाल्या, "तात्या, पट्टी दिली तर पंप बसंल, पंप बसला तर पाणी यील." तात्यांनी निम्मी दिली. निम्मी पाणी आल्यावर देतो म्हणाले, आणि दिलीही.

निविदा निघाली, सगळ्यात कमी दराला काम गेलं. कमी दराचं काम म्हणजे डोळ्यांत तेल घालून बघायचं काम. पॅनेल आले तेव्हा मी प्रत्येकाच्या मागचा अनुक्रमांक मोबाईलमध्ये टिपला आणि बिलाबरोबरच्या यादीशी ताडला. कनिष्ठ अभियंता मोजमाप पुस्तिकेत नोंद करतात तेव्हाच हे करून घ्यायचं, नंतर कुणी शिडी लावत नाही. वस्तीतल्या दिव्यांत गंमत झाली. एका दिव्याचं झाकण उघडायला लावलं, आत लिथियम फेरो फॉस्फेटची बॅटरी होती, पण अंदाजपत्रकात लिहिलेल्यापेक्षा लहान क्षमतेची. वरनं दोन्ही सारखेच दिसतात, पहिलं वर्षभर उजेडही सारखाच पडतो. अभियंत्यांनी नोंद केली नाही, ठेकेदारानं सगळ्या बॅटऱ्या बदलल्या. तडितरोधकाबद्दलही असाच आग्रह धरावा लागला. मृगाआधी आमच्याकडं विजा कशा पडतात ते बाहेरच्या ठेकेदाराला काय ठाऊक.

पैसे द्यायचे तर सरपंच आणि ग्रामसेवक दोघांचे डोंगल लागतात, डिजिटल सहीचे. एकाचं लागतं, दुसऱ्याची मुदत संपलेली असते. यावर जास्त लिहित नाही, ज्यांनी केलंय त्यांना कळेल.

२०२५ च्या उन्हाळ्यात पंप सुरू झाला. बिल उतरलं. खरा वाद त्यानंतरचा. ग्रामसभेत प्रश्न आला की आता वीज फुकट, तर पाणीपट्टी कमी करा. "सूर्य काय बिल पाठवतो का?" टाळ्या पडल्या. मी उठून सांगितलं की वित्त आयोग पंप बसवायला पैसे देतो, जिल्हा नियोजन समिती छत बसवायला देते, समाजकल्याण दिवे लावायला देतं. पाच वर्षांची देखभाल ठेकेदाराच्या गळ्यात आहे. सहाव्या वर्षी कंट्रोलर जळाला, वस्तीतल्या बॅटऱ्या दमल्या, तर त्याला कोणत्याही योजनेत शीर्ष नाही. पॅनेलची हमी पंचवीस वर्षांची असते, बाकीच्या सामानाची नाही. बराच वेळ आरडाओरडा झाला. शेवटी पट्टी आहे तीच ठेवायची आणि बिलात जेवढी बचत होईल तिचा ठरावीक भाग पाणीपुरवठ्याच्या खात्यात वेगळा ठेवायचा, दुरुस्तीशिवाय त्याला हात लावायचा नाही, असा ठराव झाला. पुढची बॉडी हा ठराव पाळेल का, याची मला खात्री नाही. निवडणुकीच्या वर्षी साठलेला पैसा कुणाच्याही डोळ्यात खुपतो.

आता गावात गायरानाचा विषय तापलाय. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ पासून आहे, २०२३ ला तिची दुसरी आवृत्ती आली. उपकेंद्राजवळच्या जमिनीवर सौर प्रकल्प उभारून शेतीच्या फीडरला, म्हणजे वीजवाहिनीला, दिवसा वीज द्यायची, असं तिचं रूप. या दुसऱ्या आवृत्तीतला पहिला प्रकल्प आपल्याच मराठवाड्यात झाला, वैजापूर तालुक्यात धोंदलगावला, ३ मेगावॅटचा. खासगी जमीन दिली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडं आणि दरवर्षी ३ टक्के वाढ. गायरान गेलं तर ग्रामपंचायतीला दरवर्षी ५ लाख, तीन वर्षं. म्हणजे १५ लाख, आमच्या गावासाठी डोळे फिरावेत अशी रक्कम. रात्री-अपरात्री रानात पाणी द्यायला जाणाऱ्याला दिवसा वीज मिळणार, हा फायदा त्याहून मोठा, असं माझं मत.

पण गायरानावर शेळ्या-मेंढ्या चरतात. ज्यांची आहेत त्यांच्याकडं ना रान, ना फीडर. त्यांच्यातला एक जण सभेत शांतपणे म्हणाला, "दिवसा लाइट बागायतदाराला, पैसा पंचायतीला. आमच्या जितराबानं काय खावावं?" याला उत्तर कुणी दिलं नाही, कारण नव्हतं. तरुण पोरं साताऱ्याच्या मान्याचीवाडीचे व्हिडिओ दाखवतात, राज्यातलं पहिलं सौरग्राम. पण तिथं काम घरांच्या छपरांवर आहे. आमच्या पोरांना मी सांगतो, पीएम सूर्यघरमध्ये ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे आणि गावात बसलेल्या प्रत्येक छतामागं ग्रामपंचायतीला १,००० रुपये मिळतात, आधी आपापली छपरं बघा. आदर्श सौर ग्रामाच्या एक कोटीच्या स्पर्धेत आपण बसतच नाही, तिला पाच हजारांच्या वर लोकसंख्या लागते.

अर्धं गायरान द्यावं, अर्धं चराईला राखून कुंपण घालावं आणि पंधरा लाखांतून आधी तिथं गवताचं बी आणि पाण्याचा हौद करावा, अशी एक सूचना आली आहे. मला ती पटते. जमीन सरकारची आहे, अंतिम शब्द जिल्हाधिकाऱ्यांचा, पण ठरावात अटी लिहून पाठवायला कुणाची आडकाठी नाही. कुठला अर्धा भाग, यावर मात्र सभा फिसकटली. पुढच्या वेळी गट नंबरचा मोजणी नकाशा समोर ठेवायचा असं ठरलंय, आणि मोजणीची फी कुठल्या शीर्षातून भरायची ते शोधून ठेव म्हणून भाऊसाहेबांनी मला सांगितलंय.